हेल्मेटची काच सारखी वर का करावी लागते? चष्मा लावून गाडी चालवणाऱ्यांसाठी

कराडमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे आणि उंब्रजहून मी रोज गाडीवरून ये-जा करतो. माझा स्वतःचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार. आठवड्यातून तीन-चार गिऱ्हाइकं तरी एकच मागणी घेऊन येतात: "गाडीवर घालायला चांगला गॉगल दाखवा, डोळ्यात सारखा कचरा जातोय." बहुतेकांच्या हातात हेल्मेट असतं. मी विचारतो, याला काच आहे ना? असते. मग ती खाली का नसते? इथे मात्र प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कुणाला वाफ धरते, कुणाला रात्री समोरच्या लाइटचे फटाके फुटल्यासारखे दिसतात, कुणाला गुदमरतं, कुणाच्या चष्म्याची काडी कानामागे इतकी रुतते की चष्माच खिशात जातो.

म्हणून गॉगलवर पैसे घालण्याआधी एक गोष्ट शोधा: तुमची हेल्मेटची काच वर का जाते? ते कारण सापडलं की बऱ्याच जणांना गॉगल घ्यावाच लागत नाही. ज्यांना खरंच घ्यावा लागतो त्यांच्यासाठी पुढे लिहिलंच आहे.

हे मी अनुभवाने शिकलो. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, गळीत हंगाम जोरात. संध्याकाळी सातच्या सुमारास महामार्गावरून घरी चाललो होतो. सहापदरीकरणाच्या कामाने रस्ता जागोजागी वळवलेला, पुढे बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा ट्रक आणि त्याची ताडपत्री एका कोपऱ्यात फाटून फडफडत होती. माझ्या हेल्मेटच्या काचेवर चरे पडले होते. समोरून गाडी आली की सगळी काच पांढरी व्हायची, म्हणून मी काच वर करून चालवत होतो. डोळ्यावर चष्मा होताच. तरी गालाच्या आणि चष्म्याच्या फटीतून भुसा आत गेला. एका डोळ्यात काही गेलं की दुसराही आपोआप मिटतो, हे तेव्हा कळलं. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, आणि मी दोन-तीन सेकंद तरी काही न बघता चालवली असेल. कशीबशी कडेला घेतली, चहाच्या टपरीवर बाटलीभर पाण्याने डोळा धुतला, तरी टोचणं थांबेना. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी नारिंगी औषधाची पट्टी लावून निळ्या प्रकाशात पाहिलं. बुबुळावर उभे हिरवे ओरखडे दिसत होते. वरची पापणी उलटवून त्यांनी कापसाच्या काडीने केसाएवढा पिवळट तंतू काढला. पापणी मिटली की तो बुबुळावर घासत होता.

डोळ्यावर चष्मा होता, डोक्यावर आयएसआयचं हेल्मेट होतं. काच वर होती एवढंच, आणि वर होती ती चऱ्यांमुळे. नवी काच साडेतीनशे रुपयांत आली.

आधी दोष कुठे आहे ते बघा

आपल्या डोळ्यासमोर दोन काचा असतात, हेल्मेटची आणि चष्म्याची. त्यांना मिळून चार बाजू. "दिसत नाही" म्हणजे चारांपैकी नेमक्या कुठल्या बाजूमुळे दिसत नाही, हे आधी ठरवायचं.

वाफेसाठी सोपी परीक्षा आहे. धूसर दिसायला लागलं की गाडी कडेला थांबवा आणि हेल्मेटची काच वर करा. लगेच लख्ख दिसलं तर वाफ हेल्मेटच्या काचेवर होती. तरी धूसरच दिसत असेल तर ती चष्म्यावर आहे. दोन्हींवर असेल तर काचांच्या नादी लागू नका, तुमच्या श्वासाला बाहेर जायला वाट नाही.

रात्रीच्या चमकेसाठी उभ्या गाडीवर बसून दूरच्या एखाद्या दिव्याकडे बघा. दिव्यातून रेषा फुटताना दिसतील. हेल्मेटची काच थोडी वर-खाली करा. रेषा हलल्या तर दोष त्या काचेत. नाही हलल्या तर चष्मा काड्यांना धरून किंचित तिरका करा. रेषा त्याच्याबरोबर फिरल्या तर चष्म्याच्या लेन्सवर चरे आहेत किंवा कोटिंग उडालंय. दोन्ही वेळा रेषा जागच्या जागी राहिल्या तर डोळा तपासून घ्या. नंबर बदललेला असू शकतो, बुबुळाच्या असमान गोलाईमुळे लागणारा थोडासा सिलिंडरचा नंबर राहून गेलेला असू शकतो, आणि वय साठीच्या आसपास असेल तर मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. अशा वेळी कितीही भारी गॉगल घेतला तरी पैसे वाया.

आणखी एक घरची परीक्षा. वाहन परवान्याच्या अर्जातल्या नमुना १ मध्ये आपण सगळे एका प्रश्नासमोर 'होय' लिहून मोकळे होतो: दिवसाच्या चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास चष्म्यासह, २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? साधारण तेहेतीस पावलं मोजून उभे राहा आणि एकेक डोळा झाकून खरंच वाचून बघा. दुकानात येणाऱ्या कित्येकांना एका डोळ्याने ती वाचता येत नाही आणि त्यांना ते माहीतही नसतं.

वाफ

सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि जून ते सप्टेंबर तर दुसरी तक्रारच नसते. कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटाने जुलैत गेलेल्याला सांगायला नको. बाहेर गार हवा, हवेत पाणीच पाणी, आणि आपला श्वास गरम आणि ओला. तो गार काचेला लागला की त्यातल्या पाण्याचे बारीक थेंब बसतात. थेंब वेगवेगळे बसतात म्हणून प्रकाश विखुरतो आणि धुरकट दिसतं. पाणी सपाट पसरलं असतं तर आरपार दिसलं असतं. वाफेवरचे सगळे उपाय या दोनांपैकी एक काम करतात: श्वास काचेपासून दूर नेतात, नाहीतर थेंबांची सपाट परत करून टाकतात.

पहिल्या प्रकारचे उपाय फुकट आहेत आणि तेच कुणी करत नाही. हेल्मेटच्या हनुवटीजवळची हवेची खिडकी उघडी आहे का ते बघा. आमच्या भागात ती धुळीने आणि चिखलाने चिकटून बंद झालेली असते. जुन्या टूथब्रशने साफ करा. काच पूर्ण वर न करता एक खटका उघडी ठेवा. बोटभर फट पुरते, वारा आत फिरतो आणि कचरा फारसा येत नाही. नाकावर बसणारी रबरी पट्टी तुमच्या हेल्मेटसोबत आली असेल तर ती डब्यात न ठेवता लावा. ती श्वास खाली वळवते.

स्कार्फचं वेगळं सांगायला हवं. मुली, बायका आणि आता पुरुषसुद्धा नाकातोंडावरून स्कार्फ घट्ट बांधतात आणि वर हेल्मेट चढवतात. धुळीसाठी ते बरोबरच आहे. पण श्वास पुढून अडला की नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर निघतो आणि थेट चष्म्यावर जातो. एका शिक्षिका ताईंचा चष्मा मी तीनदा वाफ न धरणाऱ्या द्रावणाने पुसून दिला, तिन्ही वेळा त्या परत आल्या. चौथ्यांदा म्हटलं, ताई, इथेच स्कार्फ बांधून दाखवा. स्कार्फची वरची कड चष्म्याच्या खाली एक बोट अंतरावर होती आणि मधली फट म्हणजे धुराडंच. कड वर ओढून नाकाच्या हाडावर घेतली, तिच्यावर चष्म्याचे नोज पॅड दाबून बसवले आणि हनुवटीखालची बाजू सैल सोडली. तेवढ्याने काम झालं.

चष्म्याच्या फ्रेमचाही यात वाटा असतो. मोठी शेल, म्हणजे अख्खी प्लॅस्टिकची फ्रेम गालाला टेकून बसली की आतली हवा कोंडते. धातूच्या फ्रेमला नोज पॅडच्या तारा असतात. त्या पक्कडीने वाकवून चष्मा चेहऱ्यापासून एक-दोन मिलिमीटर पुढे आणता येतो. तेवढ्या फटीतून वारा खेळतो. शेल फ्रेमला ते करता येत नाही. म्हणून पावसाळ्यात ज्यांचा रोजचा घाटरस्ता आहे त्यांना मी पॅडवालीच फ्रेम देतो.

एसी ऑफिसातून बाहेर पडल्या पडल्या धरणारी वाफ निराळी. तिथे लेन्सच गार झालेली असते. दोन मिनिटं चष्मा लावून पार्किंगमध्ये उभं राहा, मग हेल्मेट घाला.

आता दुसऱ्या प्रकारचे उपाय. हेल्मेटच्या काचेला आतून लावायची पिनलॉकची पट्टी मिळते. तिच्या कडेला सिलिकॉनची किनार असते, त्यामुळे दोन काचांमध्ये हवेचा थर अडकतो आणि आतली बाजू गार पडत नाही. शिवाय ती पट्टी ओलावा शोषून घेते. माझ्या मते पावसाळ्यासाठी यासारखी दुसरी वस्तू नाही. मात्र तुमच्या काचेला दोन्ही कडांना तिच्या खुंट्या असायला हव्यात, नाहीतर ती बसत नाही. आणि ती हेल्मेटच्या काचेचा प्रश्न सोडवते, चष्म्याचा नाही.

चष्म्यासाठी घरचा उपाय: लेन्स पाण्याखाली धुवा, भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब दोन बोटांनी दोन्ही बाजूंना चोळा, धुऊन न टाकता मऊ सुती कापडाने लेन्स स्वच्छ दिसेपर्यंत हलक्या हाताने पुसा. साबणाची न दिसणारी परत राहते. तेवढी एक फेरी निभते, रोज सकाळी पुन्हा करावं लागतं. टूथपेस्ट लावू नका, तिच्यात घासणारी पूड असते आणि ती कोटिंग खाते. ट्रकवाले पुढच्या काचेला तंबाखू चोळतात. ती काच ट्रकची असते, तुमची लेन्स कोटिंगवाल्या प्लॅस्टिकची आहे.

इतकं करूनही घाटात दिसेनासं झालं तर थांबा. चालत्या गाडीवर ग्लोव्हज घातलेलं बोट हेल्मेटमध्ये घालून चष्मा पुसायचा प्रयत्न करणारे मी पाहिलेत.

चरे, काळी काच आणि रात्र

हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. चिवट, पण मऊ. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की प्रत्येक कण चरा पाडतो. संध्याकाळी काचेवर किडे चिकटतात, ते नखाने खरवडले तर झालंच. ओलं फडकं काचेवर दहा मिनिटं पसरून ठेवा, किडे भिजून सुटतात, मग साध्या पाण्याने आणि साबणाने धुवा. पेट्रोल, थिनर, गाडीच्या काचेचा स्प्रे यातलं काही लावू नका. पेट्रोलने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि ती काच दणका बसल्यावर फुटू शकते. दिवसा चरे जाणवत नाहीत, म्हणून आपण चालवून घेतो. रात्री त्याच चऱ्यांमुळे काच वर जाते. वर्षा-दोन वर्षांनी काच बदलणं हा स्वस्त उपाय आहे.

काळ्या किंवा मर्क्युरी (आरशासारख्या) काचेचं हेल्मेट घेऊन कॉलेजची पोरं येतात. दिवसा छान. सहा वाजले की ती काच वर, आणि किडे निघायची वेळही तीच. दोन काचा ठेवायची तयारी नसेल तर पांढरी काच घ्या आणि ऊन चष्म्यावर सांभाळा.

पण तिथेही एक फसगत आहे. उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमॅटिक लेन्स लोक खास गाडीसाठी म्हणून मागतात. त्या काळ्या होतात अतिनील किरणांनी, आणि हेल्मेटची काच ते किरण आधीच अडवते. काच खाली केली की लेन्स जेमतेम काळी होते. मग गिऱ्हाईक म्हणतं, लेन्स डुप्लिकेट दिली. लेन्स खरीच असते. शिवाय ती बोगद्यात शिरल्यावर लगेच उजळत नाही. खंबाटकीच्या बोगद्यात काच वर करून चालवणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल.

नंबरचा काळा चष्मा करायचा असेल तर रंगाची श्रेणी विचारा. श्रेणी ३ मधून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, आपल्या उन्हाला ती ठीक. श्रेणी ४ मधून ३ ते ८ टक्केच येतो आणि ती वाहन चालवायला मुळीच चालत नाही. पोलराइज्ड लेन्स ओल्या रस्त्याची चमक छान कापते, पण हँडलला लावलेला मोबाइल त्यातून काळा किंवा इंद्रधनुषी दिसू शकतो आणि हेल्मेटच्या काचेवर रंगीत पट्टे उमटतात. घेण्याआधी आपल्याच हेल्मेटमधून बघून घ्या.

रात्रीसाठी पिवळ्या काचांचे चष्मे 'नाइट व्हिजन' म्हणून रस्त्यावर विकतात. मी ते दुकानात ठेवत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वाहन चालवण्याच्या सिम्युलेटरवर हे तपासलं गेलं. पिवळ्या काचांमुळे रात्री रस्त्यावरचा माणूस लवकर दिसतो असं काही आढळलं नाही. उलट डोळ्यात येणारा प्रकाशच त्या कमी करतात. रात्रीसाठी उपयोगी पडते ती साधी पांढरी लेन्स आणि तिच्यावर चांगलं अँटिग्लेअर कोटिंग. त्याने लेन्सच्या मागून-पुढून परतणारे लाइटचे दुहेरी ठिपके जातात.

काडी रुतते, चष्मा घसरतो

फुल फेस हेल्मेटमध्ये जाड, वाकड्या टोकाची काडी शिरत नाही. शिरली तर अर्ध्या तासात कानशिलं ठणकतात. यावर लोक हेल्मेट मोठ्या मापाचं घेतात. ती मोठी चूक आहे, कारण सैल हेल्मेट अपघातात डोक्यावर राहत नाही. हेल्मेट नेमक्या मापाचं ठेवा, काडी बदला. पातळ, सरळ, टोकाला फारशी न वळलेली धातूची काडी हेल्मेटच्या गादीतून सरकन जाते. काही हेल्मेटच्या गादीत चष्म्यासाठी खाचच दिलेली असते. क्रम लक्षात ठेवा: आधी हेल्मेट, मग चष्मा. काढताना आधी चष्मा, मग हेल्मेट. उलट केलं की फ्रेम वाकते आणि वाकलेली फ्रेम घसरते. नवं हेल्मेट घेताना चष्मा लावून दुकानात वीस मिनिटं घालून बसा. दुकानदार काही म्हणत नाही.

घसरण्याकडे मोठ्या नंबरवाले दुर्लक्ष करतात, त्यांनी हे वाचाच. उणे ८ चा चष्मा नाकावर ५ मिलिमीटर खाली-पुढे घसरला तर डोळ्याला मिळणारा नंबर ८ वरून साधारण ७.७ वर येतो. म्हणजे घामाने चष्मा घसरला की लांबचा फलक पुसट होतो आणि माणूस समजतो की नंबर वाढला. नोज पॅड वर्षातून एकदा बदला. पिवळे, कडक झालेले पॅड पकडत नाहीत. काही रुपयांचं काम आहे, बरेच चष्मेवाले फुकटही करून देतात.

चष्म्याची लेन्स कशाची असावी

इथे मी थोडा हट्टी आहे. गाडी चालवणाऱ्याने काचेची काच वापरू नये. अजूनही गावाकडचे काही काका म्हणतात, "फायबरला चरे पडतात, मला खरी काचच द्या." चरे पडत नाहीत हे खरं. पण पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेला खडा तिच्यावर बसला तर तुकडे डोळ्यात जातात. मी त्यांना साफ नाही म्हणतो.

साधी फायबर म्हणजे सीआर-३९. दिसायला अतिशय स्वच्छ, पण जोराच्या माराला तडकते. त्याच्यावर दोन पर्याय: आमच्या धंद्यात जिला 'पॉली' म्हणतात ती पॉलिकार्बोनेट, आणि ट्रायव्हेक्स. दोन्ही माराला चिवट, दोन्ही अतिनील किरण अडवतात. पॉली पातळ होते आणि सगळीकडे मिळते. तिची खोट अशी की ती रंग जास्त फोडते, त्यामुळे नंबर मोठा असेल तर लेन्सच्या कडेने बघताना पांढऱ्या वस्तूला निळी-पिवळी किनार दिसते. मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्याने आरसा बघायची सवय असलेल्यांना हे खुपतं. ट्रायव्हेक्समध्ये ते बरंच कमी. वजनालाही ती हलकी, पण थोडी जाड बनते आणि आमच्याकडे मागवून घ्यावी लागते. तीन-साडेतीनपर्यंतच्या नंबरला मी ट्रायव्हेक्स सुचवतो, त्याहून मोठ्याला पॉली. मी स्वतः पॉली वापरतो. आठवडाभर किनार जाणवली, मग डोळ्याला सवय झाली.

फक्त लेन्स चिवट असून भागत नाही, फ्रेमने तिला धरून ठेवायला हवं. रिमलेस आणि नायलॉनच्या दोऱ्यावरची सुप्रा फ्रेम गाडीसाठी नको. पूर्ण कड असलेली फ्रेम घ्या. खऱ्या अर्थाने संरक्षक चष्मा हवा असेल तर काडीवर आणि लेन्सवर मानकाची खूण शोधा. अमेरिकी मानकाची खूण झेड ८७ आणि तिच्यापुढे अधिकचं चिन्ह अशी असते, नंबरच्या चष्म्याला झेड ८७-२. युरोपच्या ईएन १६६ मध्ये 'एफ' हे अक्षर असेल तर त्या लेन्सवर ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर, म्हणजे ताशी १६२ किलोमीटर वेगाने मारून पाहिलेली असते. आपली गाडी ६० ने, समोरचं वाहन ६० ने, मध्ये उडालेला खडा. वेगाच्या हिशेबात ती परीक्षा त्याच्या वर आहे, पण खडा त्या गोळीहून मोठा असू शकतो. 'अनब्रेकेबल' हा शब्द मात्र कुठल्याही मानकात नाही. तो फक्त डबीवर असतो.

हेल्मेटच्या बाबतीत १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ प्रमाणे आयएसआय खूण असलेलंच विकता येतं, त्यामुळे तिथे निवड सोपी आहे. खूण नाही तर घ्यायचं नाही.

ज्यांना गॉगल खरंच लागतो

आपल्याकडे गॉगल म्हणजे काळा चष्मा. इथे मी म्हणतोय तो डोक्यामागून रबरी पट्टा जाणारा, कडेने फोम असलेला. ओपन फेस हेल्मेट वापरणारे, कच्च्या रस्त्याने शेतावर किंवा खाणीवर जाणारे, मोटोक्रॉसचं बिनकाचेचं हेल्मेट असलेले, यांना तो हवा. ईएन १९३८ हे युरोपातलं मानक खास दुचाकीच्या गॉगलसाठीच आहे, तेवढं पाहून घ्या.

चष्म्यावरून घालायचा गॉगल घेताना आपल्या फ्रेमचं माप बरोबर न्या. काडीच्या आतल्या बाजूला ५२, १८, १४० असे आकडे असतात. पहिला लेन्सची रुंदी, दुसरा नाकावरचा पूल, तिसरा काडीची लांबी. पण गॉगलसाठी लागते ती पूर्ण रुंदी, म्हणून पट्टी घेऊन एका बिजागरीपासून दुसरीपर्यंत मोजा आणि लेन्सची उंचीही मोजा. गॉगलची आतली जागा त्याहून दोन्ही बाजूंनी थोडी मोठी हवी आणि फोमला काडीसाठी खाच हवी. खाच नसली की काडी फोम उचलते आणि त्याच फटीतून धूळ आत येते. मग चष्मा, गॉगल दोन्ही असून डोळे लालच. आधी चष्म्याशिवाय घालून बघा, मग चष्म्यावरून. दुसऱ्यांदा कडेला उजेड दिसला तर तो गॉगल तुमच्यासाठी नाही.

दुसरा मार्ग, आत नंबरच्या लेन्सची छोटी फ्रेम अडकवता येणारा गॉगल. नीट बसतो, पण आत एक काच वाढली म्हणजे वाफ धरायला दोन बाजू वाढल्या. पापण्या लेन्सला लागतात का ते जरूर बघा. पावसाळ्यात मला तो आवडत नाही, कोरड्या हवेत चांगला.

तिसरा, चेहऱ्याला गोल वळलेला नंबरचा स्पोर्ट चष्मा. दोन-तीन नंबरपर्यंत उत्तम. नंबर त्याहून मोठा असेल तर वळलेल्या लेन्समधून रस्ता कडेला वाकल्यासारखा दिसतो आणि काहींना गरगरतं. वळणाचा हिशेब धरून बनवलेल्या खास लेन्स मिळतात, महाग असतात. साध्या लेन्स कापून तसल्या फ्रेममध्ये बसवून देणाऱ्याकडून मात्र घेऊ नका.

कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांचा चष्मा सुटतो, संरक्षण सुटत नाही. वाऱ्याने लेन्स सुकते, खाली कण गेला तर जास्त टोचतं. त्यांनी बिननंबरचा पॉलीचा चष्मा लावावा. वाटेत लेन्स काढावी लागली तर ती बाटलीच्या पाण्याने धुऊन पुन्हा डोळ्यात घालू नये, आणि म्हणून डिकीत नंबरचा एक चष्मा असावाच.

चाळिशीनंतरचं थोडक्यात: बायफोकलची जवळची खिडकी थोडी खाली बसवून घ्या, म्हणजे ब्रेक मारताना खड्डा तिच्यातून दिसणार नाही. प्रोग्रेसिव्हला (एकाच लेन्समध्ये लांबपासून जवळपर्यंतचे नंबर) कडेला पुसट पट्टा असतो, मागे बघताना मान पूर्ण वळवायची सवय लावा. रोज पन्नास-साठ किलोमीटर चालवत असाल तर गाडीसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा बरा. स्पीडोमीटर तेवढ्या अंतरावरून बहुतेकांना वाचता येतो.

तरीही डोळ्यात गेलंच तर

चोळू नका. इंडिकेटर द्या, कडेला घ्या, हात धुवा आणि डोळा उघडा धरून स्वच्छ पाणी सोडा. वरची पापणी ओढून खालच्या पापणीवर आणा आणि सोडा, कधी कधी कण खालच्या केसांना लागून निघतो. निघाला नाही किंवा निघूनही टोचत राहिलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आपल्या ऊसपट्ट्यासाठी यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. उसाचा पाला, पाचट, बगॅस यांनी बुबुळाला ओरखडा पडला तर जखमेत बुरशी शिरू शकते. ती सुरुवातीला थोड्या लालीसारखीच दिसते. त्या लालीवर मेडिकलमधून कुणी तरी सांगितलेला स्टिरॉइडचा ड्रॉप आणून घातला तर दोन दिवस डोळा पांढरा होतो, बरं वाटतं, आणि आत बुरशी पसरत राहते. डॉक्टरकडे जाल तेव्हा 'कचरा गेला' एवढंच सांगू नका, उसाचा भुसा गेला असं सांगा. आणि आधी कुठला ड्रॉप घातला असेल तर त्याची बाटली सोबत न्या.